हातात दिलेला चाकू

आमच्या घरातला पहिला चाकू दवाखान्यातून आला. त्याआधी घरात चाकूच नव्हता असं सांगितलं तर आताच्या मुलींना पटत नाही, पण खरंच नव्हता. माझ्या माहेरी, शिंदखेड्याकडे, विळी होती. सासरी, तिकडे केळीच्या पट्ट्यात, विळी होती आणि ती माहेरच्या विळीपेक्षा चांगली मोठी होती, कारण खाणारी तोंडं जास्त. यांना दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरी लागल्यावर आम्ही क्वार्टरमध्ये राहायला आलो. तिथे उभ्याचा ओटा होता, गॅस होता, तरी मी भाजी चिरायला फरशीवरच बसायचे. विळीच्या पाटावर पाय दाबल्याशिवाय आपण काही काम करतोय असं वाटायचंच नाही. चाकू म्हणजे रसाच्या गाडीवर लिंबू कापायला असतो तो, एवढीच आमची त्याच्याशी ओळख.

मग ऐन पावसाळ्यात सासूबाई पडल्या. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं, म्हणून मीही अक्काच म्हणायचे. शेतातून गुरांसाठी गवत घेऊन येत होत्या, पाण्याच्या दांडावर पाय घसरला आणि खुबा मोडला. बैलगाडीतून गावात, तिथून जीपने जळगावला. ऑपरेशन झालं, आत सळी बसवली, आणि पुढे बरेच दिवस त्या दवाखान्यात उताण्या पडून होत्या. जवळ मी होते. हे ड्युटी सांभाळून येऊन जाऊन असायचे.

बघायला येणारा प्रत्येक जण मोसंबी घेऊन यायचा. दवाखान्यात दुसरं काय आणणार. खाटेखाली मोसंब्यांचा ढीग झाला आणि ती कापायला आमच्याकडे काही नाही. नखांनी सोलून सोलून माझी बोटं चरचरायला लागली. दवाखान्याच्या फाटकाबाहेर एक हातगाडी उभी असायची. तिच्यावर कंगवे, साबणाच्या डब्या, टॉवेल, थर्मासची बुचं आणि चाकू. पेशंटच्या नातेवाइकांना काय काय लागतं ते त्या गाडीवाल्याला बरोबर ठाऊक होतं. मी त्यातला सगळ्यात स्वस्त चाकू उचलला. लाल प्लॅस्टिकची मूठ, पातं बोटाएवढं, दाबलं की वाकणारं. मोसंबी संपेपर्यंत टिकला तरी पुष्कळ, असं मनात म्हटलं.

दवाखान्यातून सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी समजावून सांगितलं. खुर्चीवर बसा, पलंगावर बसा, काठी घेऊन चाला, पण जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही. आता कधीच नाही. माझी आई तेव्हा भेटायला आलेली होती. ती आपल्या अहिराणीत म्हणाली, "बठ्ठं देवना हातमा शे, माय," म्हणजे सगळं देवाच्या हातात. अक्कांनी तिच्याकडे बघितलं नाही. त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "मंग मी इळीवर कशी बसू?"

इळी म्हणजे विळी. डॉक्टर म्हणाले, आता सुना आहेत, तुम्ही आराम करायचा. चांगल्या मनाने म्हणाले बिचारे. पण अक्कांचा चेहरा जो पडला तो मी बघितला. गावच्या घरात चूल जमिनीवर, पाटा जमिनीवर, विळी जमिनीवर. जमिनीवर बसता येत नाही त्या बाईला त्या स्वयंपाकघरात जागाच नाही, फक्त दारात खुर्ची टाकून बघत बसायचं. शेत दीर बघायचे, घर जाऊबाई बघायच्या, सासरे तर कधीचेच गेलेले. म्हणून ठरलं, अक्कांनी आमच्याकडे दीपनगरला यायचं.

सामान बांधताना अक्का म्हणाल्या, "तो चाकू इथंच राहू दे. दवाखान्यातली वस्तू घरात नेऊ नाही." मी बरं म्हटलं आणि टॉवेलात गुंडाळून पिशवीत टाकला. आवडला होता मला तो. वस्तू स्वस्त असली म्हणून काय झालं, मोसंबीची साल कशी सरसर काढायचा.

आणि अक्का आमच्याकडे पाहुण्या म्हणून राहायला लागल्या. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. शेजारणीने विचारलं, सासूबाई का? तर त्याच म्हणाल्या, "पाहुनी हाये मी." पाणी प्यायचं तरी विचारायच्या, घेऊ का गं. वाढलं तेवढं खायच्या, त्यातलीही अर्धी भाकरी ठेवायच्या. आणि माझ्या भाजीला चांगली म्हणायच्या. हे सगळ्यात वाईट होतं. लग्न झाल्यापासून या बाईने माझ्या हातच्या एका भाजीला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. "शिंदखेड्याच्या लोकाईले पाण्याचीच सवय," असं म्हणत माझ्या वरणात बोट बुडवून दाखवायच्या. मी तोंडाळ, त्याही तोंडाळ, सणावाराला गावी गेलं की आमची दोघींची जुंपायचीच. ती अक्का आता खुर्चीवर बसून म्हणायची, "चांगली झाली गं भाजी." मला तर धडकी भरायची. यांना म्हटलं, अहो, अक्कांचं काही खरं नाही. हे म्हणाले, कौतुक करतायत तर तुला त्याचाही त्रास.

पण यांनाही कळत होतं. अक्का दिवसभर त्या खुर्चीत बसायच्या, हात मांडीवर नुसते ठेवलेले. त्यांचे ते हात रिकामे मी कधी बघितले नव्हते. संध्याकाळी दिवा लावला की म्हणायच्या, आता देवानं न्यावं, कोनाचं काही अडलं नाही. आणि जेवण रोज थोडं थोडं कमी होत होतं. ही बाई अशीच एक दिवस पाहुणीसारखी निघून जाणार, कुणाला त्रास न देता, याची मला खात्री वाटायला लागली. मला ते नको होतं. भांडले असेन, पण ते घरातल्या माणसाशी भांडले होते.

आता एक गोष्ट सांगायला हवी. माझं माहेर आणि सासर, बोली वेगळी, भाकरीची जाडी वेगळी, देव वेगळे. पण एक रीत दोन्हीकडे सारखी. धारेची वस्तू हातातून हातात द्यायची नाही. विळी असो, कात्री असो, सुई असो, खाली ठेवायची आणि दुसरीने ती उचलायची. हातात दिली की त्या दोघींचं भांडण होतं. अक्कांची आणि माझी भांडणं एवढी व्हायची, तरी विळी आम्ही कायम फरशीवरून सरकवूनच दिली. मग ती भांडणं कशातून यायची देव जाणे.

तर त्या दिवशी मी भेंडी चिरत होते. भेंडी मी जरा जाडच चिरते, मला ती तशीच आवडते. अक्का दारातल्या खुर्चीत होत्या. बघत बघत म्हणाल्या, "छान चिरते बाई तू." पूर्वी या जाड भेंडीवरून त्यांनी माझ्या आईला सुद्धा सोडलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं. विळी बाजूला सारली, उठले, फडताळातून तो लाल मुठीचा चाकू काढला आणि भेंडीची परात त्यांच्या मांडीवर नेऊन आदळली.

"घ्या," मी म्हटलं. "आवडत नाही ना, तर सरळ सांगा. नाहीतर तुम्ही चिरा. मला नको तुमचं ते चांगलं चांगलं."

त्यांनी चाकू बघितला आणि ओळखला. म्हणाल्या, "हा टाकला नाही का तू?"

"नाही टाकला. धरा."

मी हात पुढे केला. आणि अक्का एकदम जुन्या आवाजात म्हणाल्या, "हातात काय देते? खाली ठेव."

कितीतरी दिवसांनी त्यांनी मला काही फर्मावलं होतं. मीही मुकाट्याने वाकले आणि चाकू त्यांच्या पायाशी फरशीवर ठेवला. सवयच ती. अक्का तो घ्यायला पुढे झुकल्या, आणि त्यांचा हात गुडघ्यापर्यंत येऊन थांबला. त्याच्या खाली तो जाईना.

आम्ही दोघी त्या चाकूकडे बघत राहिलो. उचलून पुन्हा द्यावा तर हातात द्यावा लागणार, न द्यावा तर या बाईला आपण हे काय दाखवून दिलं. अक्कांचे डोळे भरले. पण रडल्या नाहीत त्या. त्यांनी तळहात पुढे केला.

"दे मंग हातात," म्हणाल्या. "भांडन झालं तं झालं. भांडाले बी मानूस लागते."

मी चाकू उचलला आणि त्यांच्या हातावर ठेवला. त्यांची बोटं मुठीवर मिटली. मला तेव्हा देवळात आल्यासारखं वाटलं, आणि ते मी आज लाज न बाळगता सांगते.

पण चाकू हातात आला म्हणजे भाजी चिरता येते असं थोडंच आहे. अक्कांनी उभ्या जन्मात चाकू चालवला नव्हता. विळीवर पातं जागेवर असतं आणि भाजी हलते. चाकूला भाजी जागेवर आणि पातं हलतं. हे उलटं काही त्यांच्या हाताला कळेना. दोन भेंड्या चिरल्या, तिसरी परातीतून उडाली. मग त्यांनी स्वतःच युक्ती काढली. डाव्या मुठीत चाकू उभा धरला, धार स्वतःकडे, मूठ परातीच्या बुडाला घट्ट टेकवलेली, आणि उजव्या हाताने भेंडी त्या पात्यावर ढकलायला लागल्या. चाकूची त्यांनी सरळ विळीच करून टाकली. मी जीव मुठीत धरून बघत होते. पण हात विळीचाच होता, त्यामुळे भेंडी कशी सपासप पडायला लागली, बारीक, एकसारखी.

संध्याकाळी हे घरी आले, बघून हादरले. म्हणाले, "अक्का, चाकू चालवायचा असतो, भाजी नाही." अक्का मान वर न करता म्हणाल्या, "तू तुझी वीज बनव जा."

त्या रात्री त्या जेवताना म्हणाल्या, "भेंडी बरी चिरली मी. पन तू तेलात लई लवकर टाकली, चिकट झाली." मी म्हटलं, झाली तर झाली. त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली. मी ओट्याकडे तोंड करून डोळे पुसले.

त्यानंतर आमच्या घरात रोज भांडण सुरू झालं. गवार चाकूने चिरायची नसते, हाताने मोडायची असते. लसूण ठेचायचा, कापायचा नाही. मिरचीला पोटात चीर द्यायची की आडवी कापायची यावर आम्ही अख्खी सकाळ घालवलेली आहे. शेजारीण एकदा म्हणाली, तुमच्याकडे फार आवाज असतो हो. मी म्हटलं, असू द्या. रोज सकाळी चाकू मी त्यांच्या हातात द्यायचे आणि काम झालं की पदराला पुसून त्या माझ्या हातात द्यायच्या. देताना म्हणायच्या, घे भांडन. मी म्हणायचे, आणा.

क्वार्टरच्या मागे चार हात जागा होती. तिथे आधी मी नुसत्या दोऱ्या बांधून कपडे वाळत घालायचे. अक्का काठी टेकत तिकडे जायला लागल्या. गावाहून दिराकडून केळीचा कंद मागवला आणि मोरीच्या पाण्यावर माझ्याकडून लावून घेतला. कुंपणावर गिलक्याचा वेल चढवला, मागच्या दाराच्या कठड्यावर डब्यात अळू. वाकता येत नाही म्हणून खालचं काही लावायचंच नाही, सगळं कमरेच्या वरचं. हा चाकू घेऊनच त्या परसात जायच्या. वाळलेली केळीची पानं त्यानेच कापायच्या, गिलकी देठासकट त्यानेच काढायच्या. एकदा गुलाबाच्या काड्या छाटायला गेल्या आणि पातं असं वाकलं की मला वाटलं, संपला. त्यांनी कठड्याच्या कडेवर ठेवून वरवंट्याने ठोकून सरळ केला. धारही त्याच कठड्यावर घासून लावायच्या. धारवाला सायकल घेऊन कॉलनीत यायचा, पण त्याच्याकडे हा चाकू न्यायची मलाच लाज वाटायची, एवढा तो मामुली.

मध्ये तो हरवलाही. चाकू हरवतो कुठे, तर सालांबरोबर. वाटाण्याच्या टरफलांचं सूप अक्कांनी केळीच्या बुंध्याशी उपडं केलं, त्यातच तो गेला असणार. आम्ही डबे शोधले, गाद्या झटकल्या. अक्कांनी माझ्यावर आळ घेतला, मी त्यांच्यावर घेतला. तेवढ्यात यांनी भुसावळहून चांगला जाड पात्याचा, लाकडी मुठीचा चाकू आणला. अक्कांनी तो मुठीत धरून पाहिला आणि परत दिला. म्हणाल्या, "याले वाकता येत नाही. मानसासारखं वाकलं पायजे थोडं." मग केळीला घड आला तेव्हा पिल्लं, म्हणजे बाजूचे कोंब, काढायला मी बुंध्याशी खणलं आणि लाल मूठ वर आली. गंजला होता. कठड्यावर घासून त्यांनी त्याला पुन्हा कामाला लावला.

अशी कितीतरी वर्षं गेली. मुठीचं प्लॅस्टिक गॅसजवळ ठेवून ठेवून वितळलं, तर यांनी तिला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून दिली. पातं झिजून झिजून निम्मं राहिलं. अक्काही तशाच बारीक होत गेल्या. हात थरथरायला लागले, पण परात मांडीवर आली की डावी मूठ घट्ट व्हायची.

शेवटच्या हिवाळ्यात एक दिवस त्यांनी भरीत कर म्हटलं. बाजारात आमची ती मोठी हिरवी वांगी आलेली होती. भरताची वांगी त्या मला कधी हात लावू द्यायच्या नाहीत. प्रत्येक वांग्याला तेलाचं बोट लावून चाकूच्या टोकाने टोचे मारायच्या, म्हणजे भाजताना फुटत नाही आणि आत कीड असली तर कळते. त्या दिवशी त्यांनी तेवढंच केलं आणि दमल्या. कांद्याची पात बाकी होती, तिला हात लावला नाही. चाकू पदराला पुसला. मी सवयीने हात पुढे केला.

त्यांनी तो माझ्या हातात दिला नाही. शेजारच्या स्टुलावर ठेवला, नीट, मूठ माझ्याकडे करून.

"उचल," म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, "हातात द्या ना अक्का. आज काय नवीन?"

"नको. आता मागं भांडन ठेवून जायचं नाही मले." एवढं बोलून त्या खिडकीबाहेर केळीकडे बघत बसल्या. आवाज तोच होता, मऊ, सगळ्याला चांगलं म्हणणारा. मला तो लगेच ओळखू आला.

मला राग आला. खरंच आला. एवढी वर्षं या घरात राबल्या, माझा जीव खाल्ला, आणि आता पुन्हा पाहुण्या होऊन निघाल्या. मी तशीच हात पसरून उभी राहिले. म्हटलं, "मी नाही उचलणार. पात तशीच राहील. भरीत होणार नाही आज. हातात द्यायचा असेल तर द्या."

"हट्टी हाये तू."

"आहेच. तुम्हीच केली."

खिडकीकडून मान वळवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग स्टुलावरचा चाकू उचलला. देताना पातं माझ्या तळव्याला लागलं, नुसतं ओरखडण्यापुरतं. पण दिला त्यांनी. माझ्या हातात दिला आणि वरून माझी बोटं आपल्या हाताने मिटवली.

"घे भांडन," म्हणाल्या.

"आणा," मी म्हटलं.

मग मी पात चिरली, कपाशीच्या काड्यांवर परसात वांगी भाजली, बडगीत, म्हणजे लाकडी खोलगट भांड्यात, भरीत ठेचलं. ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी केल्या. अक्कांनी एक घास खाल्ला, बोट चाटलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, मीठ कमी हाये, शिंदखेड्यासारखं. मी म्हटलं, बरोबर आहे, तुम्हाला चव कळत नाही आता. त्यावरून आम्ही जेवण संपेपर्यंत भांडलो.